मगे

शनिवार, रात्रीचे सव्वादहा. पाऊस थांबलाय, पन्हळ अजून गळतेय.

गुरुवारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाही. वाक्य माझंच आहे, ऐकलं मात्र तिच्या तोंडून.

ती पहिल्या वर्षातली शिकाऊ समुपदेशक. मी तिची सुपरव्हायजर, म्हणजे तिची सेशन्स ऐकून तिच्याशी त्यांवर बोलणारी. तिला विचारून लिहितेय. समोर बसलेल्या बाईंचं वय, गाव, त्या कशासाठी आल्या, यातलं काहीही इथे येणार नाही. लिहायचंय ते समुपदेशकाच्या खुर्चीतल्या मुलीबद्दल. आणि त्या खोलीत नसूनही तिथे असलेल्या माझ्याबद्दल.

सेशन पंचेचाळीस मिनिटांचं. त्याच्या रेकॉर्डिंगमधला बारा मिनिटांचा तुकडा तिने गुरुवारी मला ऐकवायला निवडून आणला होता. ती बाईंशी मालवणीतच बोलत होती, म्हणजे घरी बोलते तसंच. बाई थोडं बोलायच्या, थांबायच्या, आणि ही हळूच म्हणायची, “मगे?” म्हणजे ‘मग?’. बस, एवढंच. सात मिनिटांत चार वेळा “मगे?” प्रत्येक वेळी आवाज आणखी खाली. पाठ्यपुस्तकात या कौशल्याला मोठं नाव आहे, त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. हिला ते आजीकडून मिळालेलं. ऐकताना इतकं बरं वाटत होतं.

सेशनच्या तेराव्या मिनिटाला बाईंचा आवाज फुटला. दोन-तीन श्वास गेले. आणि ही म्हणाली, “तुमचं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आपण यावर मिळून मार्ग काढू.”

स्वच्छ प्रमाण मराठीत. ‘अगदी’च्या आधी अर्धा क्षण थांबून.

तिच्या घरात ‘स्वाभाविक’ हा शब्द कोणी वापरत नसणार. तो थांबाही तिचा नव्हे. मी तशी थांबते. बाईंचं रडणं तिथल्या तिथे आवरलं, आणि तोवर हिला “गो बाय” म्हणणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, “होय मॅडम.” पुढची चार मिनिटं औषधाच्या वेळा आणि परतीची एसटी.

मी फोन थांबवला आणि समजावायला घेतलं. घाईचा दिलासा काय करतो, रडू आलेल्या माणसाला ‘स्वाभाविक आहे’ म्हटलं की विषय मिटल्यासारखा कसा होतो, ‘मार्ग काढू’ म्हणताना आपण नकळत ‘आता पुरे’ कसं म्हणतो. सात-आठ मिनिटं बोलले असेन. त्यात चुकीचं काही नव्हतं. ती लिहून घेत होती. शेवटी तिचा चेहरा पाहून मी म्हटलं, “पहिल्या वर्षात असं होणं अगदी स्वाभाविक आहे. पुढच्या वेळी काय करता येईल ते बघू.”

ती म्हणाली, “होय मॅडम.”

एरवी ती मला ताई म्हणते.

तेव्हा ते कानावरून गेलं. रात्री भांडी विसळताना ऐकू आलं आणि हात तिथेच थांबले.

याला नाव आहे. अमेरिकी मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलंय की क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे चालतं, ते थेरपिस्ट आणि सुपरव्हायजर यांच्यात न बोलता उमटतं. पुढे त्याला पॅरलल प्रोसेस म्हणू लागले. मी हे दरवर्षी शिकवते. शिकवताना बाण खालून वर काढते: क्लायंट गोंधळलेला, म्हणून ट्रेनी गोंधळलेला येतो, म्हणून आपणही गोंधळतो. नंतरच्या लोकांनी दाखवलं की बाण वरून खालीही येतो. ते मी एका वाक्यात सांगून पुढे जाते. या वर्षीही तसंच केलं.

म्हणजे आधी मी तिच्याशी तसं वागले असणार. ही गोष्ट मला सोडत नाहीये.

जुन्या नोंदी काढून बसले. प्रत्येक भेटीनंतर मी पाच ओळी लिहिते: काय आणलं, कशावर बोललो, मी काय सुचवलं, काय राहिलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. गेल्या सहा भेटींत ‘मी काय सुचवलं’ ही ओळ दर वेळी पानभर वाढलीय आणि ‘काय राहिलं’ तीनदा कोरी आहे. जूनच्या दुसऱ्या भेटीत लिहिलंय, ‘ती अस्वस्थ. धीर दिला.’ कसली अस्वस्थ, ते नाही. विचारलंच नसणार.

जेनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरव्हायजरच्या तीन भूमिका मांडल्या: शिक्षक, समुपदेशक आणि सल्लामसलत करणारा सहकारी. एकाच तासात तिन्ही लागतात, आणि कधी कुठली हे समोरच्याची गरज पाहून ठरवायचं असतं. मी शिक्षकाच्या खुर्चीत बसले की उठत नाही. कारण सोपं आहे, तिथे मला भीती वाटत नाही. समोरची मुलगी घाबरलेली असली की मलाही काहीतरी होतं, आणि मग मी शिकवायला लागते. तिला बाईंचं रडणं सोसलं नाही, मला तिचा उतरलेला चेहरा सोसला नाही.

व्हर्बेटिममध्येही, म्हणजे शब्दशः उतरवलेल्या तुकड्यातही, ते दिसत होतं. आम्ही चार रकाने करतो. पहिल्यात क्लायंटचं बोलणं, जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत. दुसऱ्यात आपलं बोलणं, ‘हं’ आणि ‘अं’ सकट. तिसऱ्यात त्या क्षणी माझ्यात काय चाललं होतं. चौथा कोरा, सुपरव्हिजनमध्ये भरायचा. पंचेचाळीस मिनिटं पूर्ण उतरवायची तर चार-पाच तास जातात आणि माणूस कंटाळून स्वतःची वाक्यं दुरुस्त करायला लागतो, म्हणून दहा-बारा मिनिटांचाच तुकडा. शांतता सेकंदांत लिहायची. ‘थोडा वेळ शांतता’ असं लिहिलेलं मी परत पाठवते, कारण चार सेकंद आणि चाळीस सेकंद यांत फार फरक आहे आणि नवख्या समुपदेशकाला चार सेकंदही चाळीस वाटतात.

तिसरा रकाना सगळ्यांनाच अवघड जातो. सुरुवातीला तिथे क्लायंटबद्दलच लिहिलेलं येतं, ‘त्यांना वाईट वाटलं’ वगैरे. मग शरीरापासून सुरुवात करायला सांगावी लागते: घसा, पोट, हात, पाय. ‘हात गार पडले’ एवढं आलं तरी चालतं, पुढचं त्यातून निघतं. तेराव्या मिनिटासमोर तिचा तिसरा रकाना कोरा होता. माझ्या डोळ्यांसमोर कागद होता. मी दुसऱ्या रकान्यावरच बोलत राहिले.

भाषेचं मात्र मला सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे हे फार होतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. प्रशिक्षण प्रमाण मराठीत, पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, आणि येणारा माणूस म्हणतो, “जीव थाऱ्यार नाय.” नोंदीत त्याचं लगेच ‘एन्झायटी’ होतं. मी ते खोडायला लावते. ‘जीव थाऱ्यार नाय’ असंच लिहायचं. किती दिवस, दिवसातून कधी, तेव्हा शरीरात कुठे काय होतं हे त्याच्यापुढे लिहायचं. आजाराचं नाव ठरवणं हे आपलं कामच नाही. रेकॉर्डिंग ऐकताना ट्रेनी कुठे बोली सोडून प्रमाण मराठीत शिरतो ती जागा पेन्सिलीने खुणवायची. दहातल्या आठ वेळा तिथेच तो घाबरलेला असतो. हेही मीच शिकवते, आणि गुरुवारी ती जागा मला ऐकू आली ती फक्त तिची चूक म्हणून.

रेकॉर्डिंगचीही कटकट आहे पावसात. खोलीवर पत्रा, जुलैत सर आली की फोनमध्ये फक्त पत्राच ऐकू येतो. फोन टेबलावर उघडा ठेवला तर टेबलाची थरथर येते, म्हणून खाली घडी केलेला रुमाल आणि फोन क्लायंटच्या बाजूला, ट्रेनीच्या नव्हे. परवानगी सुरुवातीला लेखी आणि शिवाय तोंडी, साध्या भाषेत: हे कोण ऐकणार, कधी पुसणार, नको म्हटलं तरी सेशन तसंच होणार. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. फोन ती आपोआप उतरवून ठेवतो आणि संध्याकाळी तोच फोन घरातला धाकटा गेमसाठी मागतो. ट्रेनीने स्वतःच्या फोनवर, कुलूप लावून आणायचं, ऐकून झालं की माझ्यासमोर पुसायचं. ज्या दिवशी पत्रा वाजतो त्या दिवशी सेशन संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत आठवणीतून लिहायचं. उशीर झाला की आठवण स्वतःच्या बाजूने झुकते.

पण तेराव्या मिनिटाकडे परत. तुकडा ऐकवायची एक पद्धत आहे, जी मला येते आणि मी वापरली नाही. नॉर्मन केगन यांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९६० च्या दशकात बसवलेली. रेकॉर्डिंग थांबवायचा अधिकार फक्त ट्रेनीचा. सुपरव्हायजरने बटणाला हात लावायचा नाही, शिकवायचं नाही, बरं-वाईट म्हणायचं नाही. ट्रेनी जिथे थांबवेल तिथे फक्त विचारायचं. तेव्हा मनात काय चाललं होतं? काय म्हणावंसं वाटलं आणि म्हटलं नाहीस? त्यांना तू कशी दिसत असशील असं वाटलं? त्या काय करतील याची धास्ती होती? एवढे चार प्रश्न पुरतात. यात बारा मिनिटांच्या तुकड्याला पाऊण तास लागतो, आणि पहिल्या दोन वेळा काहीच हाती लागत नाही असं वाटतं. गुरुवारी बटण मी दाबलं होतं.

आता थोडं मन मोकळं करते.

माझं कोण ऐकतं? तिचं मी ऐकते, बाईंचं ती ऐकते. माझ्या सुपरव्हायजर मुंबईत. महिन्यातून एकदा फोन, तोही खळ्याच्या कोपऱ्यात माडाखाली उभं राहिलं तर लागतो. जुलैत छत्री धरून किती बोलणार. गेल्या दोन महिन्यांत तो फोन झालेला नाही आणि मी त्याबद्दल कुणाला काही म्हटलंही नाही. ब्रिटनमधल्या बीएसीपी या समुपदेशकांच्या संस्थेचा नियम आहे की तिची अधिमान्यता घेतलेल्या समुपदेशकाला, मग तो कितीही जुना असो, महिन्याला निदान दीड तास सुपरव्हिजन हवंच. दीड तास. इथे एवढ्या वर्षांत कुणी “तुझं कसं चाललंय” म्हणून बसवून घेतलं ते बोटांवर मोजता येईल. दमणूक आहेच. आईचंही चालू आहे, पण तो विषय आज नको.

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली. मी त्यांना माझ्यापुरतं घडवणं, राखण करणं आणि विसावा देणं म्हणते. घडवणं मला आवडतं. राखणीबद्दल मी कडक आहे. तिसरं काम सगळ्यात आधी सुटतं, कारण ते कुठल्याच फॉर्मवर नसतं. ज्याला स्वतःला विसावा नाही त्याला ते देताना धीर देणं आणि विसावा देणं यातला फरक कळेनासा होतो. हे मी सबब म्हणून लिहीत नाहीये. लिहिता लिहिता दिसलं.

राखणीबद्दल कडक का, तेही इथेच लिहिते, म्हणजे गप्प राहण्याबद्दल मी वर जे म्हटलं ते सगळीकडे लावलं जाणार नाही. आमचा तास साठ मिनिटांचा, आणि त्यातली पहिली पाच कायम एकाच प्रश्नाची: या आठवड्यात कोणाच्या जिवाची काळजी वाटली? शेवटी विचारून उपयोग नसतो. सगळ्यात भीतीचं जे असतं ते ट्रेनी निघताना, चप्पल घालताना सांगतो. जीव द्यावासा वाटतो का हे क्लायंटला सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. बागेच्या फवारणीची औषधं घरात कुठे आहेत, किल्ली कोणाकडे, आज रात्री सोबत कोण, हे विचारल्याशिवाय सेशन संपवायचं नाही. मला फोन त्याच वेळी करायचा, गुरुवारची वाट बघायची नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून हातात द्यायचा. आणि मुलावर लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच भेटीत “कुणालाच सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही. “दोन गोष्टी सोडून” असं म्हणायचं आणि त्या दोन सांगायच्या. इथे मी शिक्षकच असणार आणि बोट दाखवून सांगणार.

राखणीचा दुसरा भाग म्हणजे आपली वस्ती. मुंबईच्या पुस्तकात लिहिलंय, नाव बदला की ओळख लपते. इथे नाव बदलून काय होणार! होडीचं नाव, मुंबईला किती भाऊ, देवळातला मान कोणाकडे, गेल्या गणपतीला कोण आलं नाही, यातली एक गोष्ट सांगितली तरी गटातल्या तिघी घर ओळखतात. म्हणून गटात केस मांडताना हेच बदलायचं, आणि मांडण्याआधी सांगून ठेवायचं: ओळखीचं वाटलं तर हात वर करा, कारण न सांगता बाहेर पडवीत जा. जो बाहेर जातो त्याला नंतर कोणी काही विचारायचं नाही. क्लायंटशीही पहिल्या भेटीत ठरवायचं की बाजारात, आरतीला भेटलो तर आधी तुम्ही ओळख दाखवा, मग मी. आणि समोरच्याने “तू खयची? कोणाची गो?” विचारलं तर टाळायचं नाही, गावाचं नाव सांगून पुढे जायचं. न सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार.

हे सगळं मला येतं. लिहिताना हात कुठेही अडला नाही. अडतो तो एकाच जागी.

काल दुपारी आणखी एक गोष्ट आठवली, जी वर्षानुवर्षं माझ्या टिपणात आहे. १९९६ मध्ये निकोलस लॅडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ शिकाऊ थेरपिस्टांना विचारलं होतं की तुम्ही सुपरव्हायजरपासून काय लपवता. जवळजवळ सगळ्यांनी काही ना काही लपवलेलं होतं, आणि सगळ्यात जास्त लपवलेलं होतं ते सुपरव्हायजरबद्दलच वाटलेलं वाईट. स्वतःच्या चुकाही लपवलेल्या, पण त्या त्याच्यामागे. हे मी ट्रेनींना सांगते, लपवू नका म्हणून. त्यांना सांगून काय उपयोग आहे हा विचार काल पहिल्यांदा आला. “होय मॅडम” ऐकल्यावर मीच थांबायला हवं होतं.

मग आज सकाळी, पेजेचं आधण ठेवल्यावर, जरा निवळलं. पहिल्या वर्षातली मुलगी आपल्या सुपरव्हायजरचं वाक्य उचलणारच. स्टोल्टेनबर्ग यांनी समुपदेशकाच्या वाढीचे टप्पे मांडले त्यात पहिल्या टप्प्यावर हेच आहे: लक्ष सगळं स्वतःवर, मी बरोबर करतोय का यावर, आणि हातात धरायला कोणाचं तरी काहीतरी. लावणीला पहिल्यांदा उतरलेली पोर शेजारणीच्या हाताकडे बघतच रोप लावते. तिला माझं वाक्य हाताशी लागलं, कारण त्या क्षणी तिला दुसरं काही सापडत नव्हतं. मीसुद्धा कुणाची तरी वाक्यं घेऊन इतकी वर्षं बसतेय. ‘अगदी’च्या आधीचा तो थांबा माझा तरी कुठे आहे, तो माडाखालच्या फोनवरून आलाय. हे लक्षात आलं तेव्हा छातीवरचं ओझं थोडं हललं. उतरलं नाही.

फोन लावला मुंबईला. लागला. सोमवारी सात वाजता बोलायचं ठरलंय, एक तास. मी माझी सहा भेटींची टिपणं वाचून दाखवणार आहे, ‘मी काय सुचवलं’ या ओळीसकट.

गुरुवारचंही ठरवलंय. पहिली पाच मिनिटं नेहमीची. मग फोन तिच्या हातात, तोच तुकडा पुन्हा, बटण तिचं. त्याआधी एवढंच सांगणार की मागच्या वेळी तुझा तिसरा रकाना कोरा होता आणि मी विचारलं नाही, ते माझं राहिलं. माफी लांबवणार नाही. लांबवली की तिलाच मला धीर द्यावा लागेल. चाळीस मिनिटं ऐकायला ठेवलीत, शेवटची दहा तिने माझ्याबद्दल बोलायची. त्या दहा मिनिटांसाठी एकच प्रश्न लिहून ठेवलाय, “आज मी कुठे मध्ये आले?” “काही चुकलं का?” असं विचारलं तर ती “नाही ताई” म्हणणार, कोणीही म्हणेल. आणि तिने मालवणीत बोलावं. मला तिच्याइतकी येत नाही, पण ऐकू येते.

हे इथे टाकण्याआधी संध्याकाळी तिला वाचायला पाठवलं. नको म्हणालीस तर टाकणार नाही, बदल सांग, असं लिहिलं. तासभर काही उत्तर नाही. मी तीनदा फोन बघितला.

आत्ता आलं: “टाका ताई. पण तेराव्या नाही, अकराव्या मिनिटाला. आणि चौथ्या मिनिटाला पण एक जागा हा, ती मी कापून आणलेली. गुरुवारी आणतंय.”

वर तेराच ठेवलंय.